सतरंजीची जागा

उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर तीन दिवस गाणं असतं. दुपारीच सतरंजी अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवले की जागा धरली. मग ती कोणी हलवत नाही.

आज सकाळी टपरीवर मंडळी कालच्या गाण्याबद्दलच बोलत होती.

"काय गायली ती बाई! अंगावर काटा आला."

"तुला कुठला काटा? तू तर घोरत होतास, बबन!"

"डोळे मिटून ऐकत होतो रे."

मग बबननं मला विचारलं, "आबा, तुम्ही यंदा पहिल्यांदाच बसलात. कसं वाटलं?"

मी म्हणालो, "बरं होतं."

मला गाण्यातलं कळत नाही. चाळीस वर्षं उन्हात जाऊन बायकोची जागा धरायचो आणि घरी येऊन झोपायचो. सकाळी भाकऱ्या थापता थापता ती सगळं सांगायची. कोण रंगलं, कोणाचा गळा बसला. मी नुसता हूं हूं करायचो.

माघात ती वारली. काल सवयीनं तिची सतरंजी अंथरून आलो. जागा धरून रिकामी ठेवणं बरं नाही, म्हणून संध्याकाळी स्वतःच जाऊन बसलो.

गाणं घटकाभराचं असतं. सांगणंच दिवसभर चालतं, हे टपरीवर बसल्यावर कळलं.

काल एका म्हाताऱ्या गवयाचा आवाज मधेच चिरला. तो हसला, पाणी प्याला आणि पुन्हा तिथूनच गाऊ लागला. टपरीवर ते कोणीच बोललं नाही. मीही बोललो नाही. ते तिला सांगायचं होतं.