रथाच्या दिवशीचा सामना

उस्मानभाई फुटबॉलचा हिशोब कांद्यांवर मांडायचे. लोणंदच्या बाजारपेठेत त्यांचं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान होतं. आमची सातारा-सांगलीची साखळी स्पर्धा शेवटच्या टप्प्यात आली की ते एक पोतं जमिनीवर पसरायचे आणि त्यावर आठ संघांचे आठ कांदे गुणांप्रमाणे ओळीनं ठेवायचे. पहिले चार बाद फेरीत जाणारे, खालचे चार घरी बसणारे. मग कुणाचे कुणाशी सामने उरलेत ते तोंडपाठ म्हणत एकेक कांदा वर-खाली सरकवायचे. लोणंदचा कांदा पहिल्या चारांत येईपर्यंत त्यांचा हात थांबत नसे.

"आता मिरजेला विट्यानं हरवलं पायजे," ते म्हणायचे.

"विटा मिरजेला कसं हरवेल, भाई?"

"का? विट्याच्या पोरास्नी पाय न्हाईत व्हय?"

त्यांचं भाकीत बहुतेक वेळा चुकायचं, हे आधीच सांगून टाकतो. लोणंद चौथं येणार, असं ते दरवर्षी छातीवर हात ठेवून सांगत आणि लोणंद सहावं, सातवं येई. समोरचा चहावाला मुद्दाम हाक मारून विचारायचा, "चाचा, औंदा कितवं?"

"चौथं."

"गेल्या सालीबी चौथंच म्हनला व्हता."

"गेल्या सालचं गेल्या सालाला इचार. तू दुधात पानी घालायचं बघ, त्यात तुजा अंदाज चुकत न्हाई."

उंच, काटकुळी देहयष्टी. दाढीत तागाची कुसं अडकलेली. उजवा गुडघा पूर्ण वाकत नसे, त्यामुळे ते पोत्यांच्या थप्पीवर एक पाय पसरून बसत. तरुणपणी ते बचावफळीत खेळायचे आणि तो गुडघा तेव्हाचा. पुढे ते लोणंदच्या संघाचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष म्हणजे पोरांचे बूट शिवून आणणारा, चेंडूत हवा भरणारा आणि मैदानावर चरायला आलेल्या शेळ्या हाकणारा माणूस. मी साताऱ्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. स्पर्धेचं वेळापत्रक बरीच वर्षं मीच करायचो, म्हणून आमची गाठ पडली. चारचौघांत ते मला 'सर' म्हणायचे, एकटे असलो की 'गड्या'.

त्यांचं एक वाक्य मला फार आवडायचं. संघ सलग हरून पोरं मान खाली घालून बसली की ते म्हणत, "उरल्याला सामना म्हंजे उरल्याली भाकरी न्हवं रं. त्यो शिळा हुत न्हाई. मांडा परत."

त्या वर्षी मात्र भाकीत खरं व्हायची वेळ आली. लोणंदची पोरं जीव तोडून खेळली. साखळीचा शेवटचा सामना उरला तेव्हा मेढा चौथ्या जागेवर होतं आणि त्यांचे सगळे सामने संपले होते. लोणंद एका गुणानं मागं, पाचवं. उरलेला सामना घरच्या मैदानावर, तळाला असलेल्या म्हसवडशी. जिंकलं तर बाद फेरी, बरोबरी झाली तरी घर. कारण गोलांच्या फरकात मेढा पुढे होतं.

आणि तो सामना मी देवदिवाळीच्या दिवशी ठेवला होता.

म्हसवडला त्या दिवशी सिद्धनाथाचा रथ निघतो. गावातला तरणा पोरगा त्या दिवशी रथाच्या दोराला नसेल तर त्याला वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. आमच्या स्पर्धेतला रिवाजच होता की वेळापत्रक करताना आधी पंचांग काढायचं आणि म्हसवडचा तो दिवस मोकळा सोडायचा. त्या वर्षी मी शाळांच्या परीक्षा बघितल्या, रविवार बघितले, पंचांग उघडलंच नाही. म्हसवडच्या कप्तानाचा फोन आला.

"सर, त्या दिवशी आमचा रथ हाय. तुमास्नी ठावं हाय की."

ठाऊक होतं. पण वेळापत्रक छापून गेलं होतं आणि चूक झाली हे कबूल करणं मला जड गेलं. मी नियम सांगितला. हरकतीची मुदत संपली आहे, समोरच्या संघाच्या अध्यक्षानं लेखी संमती दिली तरच तारीख बदलेल, संघ आला नाही तर सामना लोणंदला बहाल. तो म्हणाला, "रथ सोडून तर येत न्हाई, सर," आणि फोन ठेवला.

ही बातमी लोणंदला पोचली तेव्हा मी तिथेच दुकानात होतो. पोरं नाचत आली. गोलरक्षक संतोष पुढं होता. त्यानं पाचव्या जागेवरचा कांदा उचलून चौथ्या जागेवर ठेवला.

"चाचा, गेलो की आपुन. न खेळता."

उस्मानभाईंनी कांदा उचलून परत होता तिथं ठेवला. "म्हसवड का येनार न्हाई?"

"रथ हाय त्येंचा."

"मग तारीख बदलू."

पोरांना वाटलं चाचा चेष्टा करतायत. संतोष म्हणाला, "आवं चाचा, आयतं मिळतंय. नियमच हाय तसा. इचारा सरास्नी."

"नियम मला ठावं हाय. आयतं घिऊन बाद फेरीत जाशील. मग तितं काय करशील? तिथल्या संघाचाबी रथ असनार हाय व्हय?"

"आन् हरलो तर?"

"तळाच्या संघाशी हरनार असशील तर वर जाऊन काय दिवं लावनार?"

"गाव शिव्या घालंल, चाचा."

"घालू दे. देवाच्या दोराला हात लावलेल्या पोरांचं गुन मी खानार न्हाई. त्यो माजा देव न्हाई म्हनून तर मुळीच न्हाई."

त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, संमतीचा कागद लिहून सही केली. कागद माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "पंचांग उगडलं न्हवतंस न्हवं, गड्या?" मी मान हलवली. पोरांना काही ऐकू गेलं नाही.

सामना पुढच्या रविवारी झाला. लोणंदनं पहिला गोल केला, मैदान दणाणलं. मग म्हसवडच्या एका काटक्या पोरानं लांबून मारलेला चेंडू संतोषच्या हाताखालून गेला. नंतर लोणंदनं सारखे हल्ले केले, एकदा चेंडू खांबालाही लागला, पण शिट्टी वाजली तेव्हा एक-एकच होतं. मेढा वर गेलं. लोणंद पाचवं.

आठवडाभरात गावात निराळीच कथा तयार झाली. उस्मानचा म्हसवडच्या व्यापाऱ्यांशी पोत्यांचा धंदा आहे, म्हणून त्यानं तारीख बदलली. तारीख बदलायला त्यानंच सरांच्या मागं टुमणं लावलं. काहींनी आणखी वाईट, त्यांच्या धर्मावरून बोलून घेतलं. स्पर्धेच्या वार्षिक बैठकीत लोणंदच्या एका सभासदानं मला सरळ विचारलं, "तारीख कुणामुळं बदलली?"

मी उभा राहून म्हणालो, "लोणंदच्या अध्यक्षांच्या लेखी संमतीवरून."

कागदावर ते खरं होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं मला चावत राहिलं. तारीख मुळातच चुकली होती आणि ती मी चुकवली होती, एवढं एक वाक्य मी पुढं बोललो नाही. उस्मानभाई तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे सांगणार. ते वाकत नसलेला पाय सावरत उठले.

"व्हय. मी बदलली. पुन्यांदा तशी येळ आली तर पुन्यांदा बदलीन. आजून कुनाला काय इचारायचंय?"

लोणंदच्या संघानं त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. ते सामन्याला येत राहिले, फक्त अध्यक्षाच्या खुर्चीऐवजी पलीकडच्या गोलामागे उभे राहायचे. लोक टोमणे मारायचे, "चाचा, आज कुनाला तारीख दिऊन आलाय?" ते म्हणायचे, "गप बघ. कॉर्नर हाय."

पुढे एकदा धीर करून मी दुकानात गेलो. म्हणालो, भाई, मी सगळ्यांना खरं सांगतो. ते पोती मोजत होते, मोजणं थांबवलं नाही.

"काय सांगशील?"

"की चूक माझी होती. तुम्ही उगाच भरडले गेलात."

आता ते थांबले. "ह्ये बघ गड्या. चूक तुजी व्हती, पर सही माजी व्हती. तुज्या चुकीत माजी सही बुडवू नगंस. लोक म्हनतील, बिचारा उस्मान फसला. मी फसलो न्हाई. मला चोर म्हनू देत, बिचारा म्हनलेलं मला चालायचं न्हाई."

मी त्याचा सोयीचा अर्थ काढला आणि गप्प राहिलो. त्यांनी सांगितलं होतं ते निराळं होतं. सांगायचं तर पुरं सांग, एवढंच ते म्हणत होते.

गेल्या वर्षी ते गेले. साताऱ्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो होतो, तेव्हा आवाज पार खोल गेलेला. मला म्हणाले, "लोणंदचं कोन कोन ऱ्हायलं?" मी उरलेले सामने सांगितले. तिन्ही जिंकले आणि वरचे दोन संघ हरले तर शक्यता होती. ते छताकडे बघत बराच वेळ जुळवत राहिले. "जातंय," म्हणाले. लोणंद त्या वर्षी गेलं नाही.

यंदाच्या वार्षिक बैठकीत मी हात वर केला. आता मी पदावर नाही, काठी घेऊन जातो. सगळं सांगितलं. पंचांग न उघडणं, तो फोन, माझं ते अर्धवट उत्तर. समोरून एक जण म्हणाला, "सर, जाऊ द्या आता. भोळा मानूस व्हता, गावला तुमच्या चुकीत."

"भोळा नव्हता," मी म्हणालो. "नियम त्याला माहीत होता. सही केली नाही तर लोणंद वर जातं, हेही त्याला माहीत होतं. तरी त्यानं सही केली. माझी चूक मी मागे घेतोय. त्याची सही मागे घेत नाहीये."

बैठकीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पुढचा विषय घेऊ."

मी बसलो नाही. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. संतोष उभा राहिला होता. आता तो लोणंदच्या पोरांना शिकवतो, कानशिलांवरचे केस पिकलेत.

"सरांचं इतिवृत्तात लिवल्याबिगर पुढचा विषय न्हाई," तो म्हणाला. "आन् त्याच्याखाली माजंबी लिवा. त्यो गोल माज्या हाताखालनं गेला. चाचांनी घातला न्हवता."