फंड की पेन्शन?

आमच्या ओट्यावर सध्या एकाच गोष्टीचं बोलणं चालतं, आणि त्यातून इतके किस्से निघतात की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. चार माणसांत मी तोंड उघडत नाही. पण चहाचे कप द्यायला आणि न्यायला मीच असते, त्यामुळे ऐकायला सगळं मिळतं.

बाबा इथे अमरावतीत, शाळेत भूगोल शिकवतात. त्यांच्या शाळेत नवा नियम आला आहे. रिटायर झाल्यावर फंडाची सगळी रक्कम एकदम हवी की दरमहा पेन्शन, हे प्रत्येकाने लिहून द्यायचं. पेन्शन माणूस असेपर्यंतच. तो गेला की घरच्यांना काही नाही. आणि एकदा लिहिलं की बदल नाही. म्हणजे आधी आपण किती जगणार ते ठरवा आणि मग सही करा!

बाबांना दमा आहे. मी नववीत आहे. ओट्यावर सगळे हसतात तेव्हा मीही हसते, पण बाबांकडे बघत.

*

ड्रिलच्या ढोले सरांनी पहिल्याच दिवशी छाती ठोकली. "आपण पेन्शन घेतो! नव्वदीपर्यंत जगतो अन् सरकारले बुडवतो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिडीचं बंडल नालीत फेकलं आणि पहाटे वडाळीच्या तलावापर्यंत फिरणं सुरू केलं. सगळ्यांनी वाहवा केली. ढोले काकू मात्र आमच्या स्वयंपाकघरात येऊन पदराने डोळे पुसत होत्या.

आई म्हणाली, "अवं, चांगलं झालं ना! रडता काहून?"

"लग्न झाल्यापासून हात जोडून राहिली मी, बिडी सोडा, बिडी सोडा. माह्यासाठी नाही सोडली. सरकारसाठी सोडली!"

*

संस्कृतचे पाठक सर पत्रिका पाहतात. मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढे रांग लागली. सरांनी कोणालाच ऐंशीच्या खाली उतरवलं नाही. सगळे खूश! निम्म्या शिक्षकांनी पेन्शन ठरवूनही टाकली.

मग कळलं, पाठक सरांनी स्वतः फंड लिहून दिला.

टीचर्स रूममध्ये सगळे पाठक सरांभोवती जमले. शेवटी हेडमास्तरांनी विचारलं, "पाठक, तुमच्या पत्रिकेत काय निघालं हो?"

"छे! एवढा मोठा निर्णय कोणी पत्रिका पाहून घेतं का, सर?"

*

शेषराव आणि नामदेव हे सख्खे भाऊ, दोघेही शाळेत शिपाई. दर्यापूरकडचे. त्यांच्या गावातल्या मास्तरांनी नाव दाखल करताना मनाला येईल ती जन्मतारीख लिहिली होती. नव्या नियमामुळे ऑफिसात कागद निघाले, तर धाकटा नामदेव रेकॉर्डवर मोठा!

शेषराव हेडमास्तरांकडे गेला. "साहेब, याले खांद्यावर बसवून मी जत्रा दाखवली! हा माह्याहून मोठा कसा?"

"रेकॉर्ड बदलत नाही," हेडमास्तर म्हणाले.

बाहेर आल्यावर नामदेव थोरल्या भावाला म्हणाला, "ऐकलं ना? आता अरे-तुरे बंद. दिवाळीले पाया पडाले ये!"

तो हसत होता. पण पगार आधी त्याचाच बंद होणार आहे.

*

कोपऱ्यावरचे किराणावाले मोतीशेठ सरकारचे इंग्रजी कागद घेऊन बाबांकडे येतात. मागे सक्तीची बचत निघाली, तेव्हा दुकानदारांनीही पोस्टात पैसे भरायचे होते. पाच वर्षांनी व्याजासकट परत. बाबांनी समजावून सांगितलं, तसा शेठांना घाम फुटला.

"मास्तर, टॅक्स घेते तवा मले भेव नाही वाटत. गेले ते गेले! पण हे तं परत देतो म्हणून राहिले. काही तरी गडबड हाय!"

वर्ष सरायच्या आत ती बचत लहान दुकानदारांसाठी रद्द झाली. बाबा म्हणाले, "घ्या शेठ, सुटलात!"

शेठ आणखीच घाबरले. "इतक्या लवकर सोडलं? म्हणजे याहून मोठं काही येऊन राहिलं!"

*

माझे काका अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. त्यांना फंड एकदम मिळाला. मग मोर्शीहून, चांदूरहून, कुठून कुठून पाहुणे सुरू झाले. कोणाला बैलजोडी हवी, कोणाला मुलीचं लग्न उरकायचं.

बाबांनी त्यांना विचारलं, "दादा, फंड बरा की पेन्शन?"

काका म्हणाले, "मले पोरंबाळं नाहीत, हे तुले माहीतच हाय. पण फंड हातात होता तवरीक कोणी मले तसं जाणवू दिलं नाही!"

*

काल शेवटचा दिवस होता. संध्याकाळी ढोले सर, पाठक सर आणि मोतीशेठ ओट्यावर बसले होते. कागद बाबांच्या मांडीवर होता.

"काय लिहू?" बाबांनी विचारलं.

पाठक सर म्हणाले, "फंड बरा." शेठ म्हणाले, "फंडच." स्वतः पेन्शन घेणारे ढोले सरही जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमी फंडच घ्या, सर." का, ते कोणीच सांगेना.

बाबा हसले. "म्हणजे माझ्याबद्दल तुमचं एकमत आहे!"

बाबांनी चष्मा लावून नियम पुन्हा मोठ्याने वाचला, "पेन्शन फक्त कर्मचाऱ्याच्या हयातीपर्यंत—"

"मंग राहा ना हयात!"

आई दारात उभी होती. ओट्यावर पुरुष बसले असताना ती कधी बाहेर येत नाही. "कोण नाही म्हणते तुमाले?"

एवढं बोलून ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला.

बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'पेन्शन' लिहिलं. खाली सही करताना त्यांना खोकला आला. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि तो गिळून टाकला.