लाल रेघ

गवत कापायच्या मशीनचं इंजिन असं थरथरतं की चांगले आवळलेले स्क्रूही सैल होतात. म्हणून सोलापूरच्या आपल्या दुकानात लालसाब प्रत्येक स्क्रू पेट्रोलनं पुसायचा, आट्यांवर स्क्रू धरून ठेवणाऱ्या निळ्या औषधाचा थेंब सोडायचा, मग आवळायचा. शेवटी बायकोच्या, झीनतच्या नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीपर्यंत एक लाल रेघ ओढायची. स्क्रू जरा फिरला की रेघ तुटणार. "रेघ अखंड हाय तवर बिनघोर चालवा," असं तो वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

सकाळीच मैंदर्गीचे बाळासो आपली मशीन घेऊन गेले होते. दुपारी दुसऱ्या मशीनसाठी त्यानं औषधाची नवी बाटली उचलली, तर तिचं सील तसंच होतं. जुनी तर कालच संपली होती! म्हणजे बाळासोंच्या पात्यावरच्या गार्डचे स्क्रू त्यानं कोरडेच आवळले होते, आणि सवयीनं वर रेघही ओढली होती.

त्यानं फोन लावला. वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मशीन चालू असल्यावर माणसाला फोन कुठला ऐकू येतोय? लालसाबला गरगरणारं पातं दिसायला लागलं, आणि त्याच्यामागं बाळासोंची उघडी नडगी.

सहाव्यांदा फोन उचलला गेला.

"बाळासो, मशीन बंद करा! गार्डचे स्क्रू बघा."

"बघितलं की. रेघ जागच्या जागी हाय. तुमीच सांगितलंय न्हवं, रेघ हाय तवर भ्यायचं न्हाय?"

लालसाबनं सीलबंद बाटलीकडं बघितलं.

"व्हय. पण आज रेघंखाली औषधच न्हाय, स्क्रू कवाबी सुटंल. आजची रेघ खोटी हाय."