हळकुंडाचा धागा

अड्याळच्या आमच्या घरी आईने साडीच्या काठाचे दात चुकवले, तिथून हे सगळं सुरू झालं. करवतकाठी म्हणजे काठावर करवतीसारखे दात असलेली, कोशाच्या रेशमाची साडी. आई चाळीसेक वर्षं ती विणते आहे आणि दात मोजायला तिला कधी कागद लागला नाही. त्या वेळी मात्र हातभर काठात दोन ठिकाणी दात कमी निघाला. त्याआधी ती गॅसवर दूध ठेवून विसरली होती, आणि शेजारच्या सुनेचं नाव तिला दोनदा आठवलं नव्हतं. माझा भाऊ साड्यांचा व्यापार बघतो. तो घाबरला. माग उतरवून ठेवू या, असं त्याने बाबांच्या कानात सांगितलं. आईचे कान मात्र अजून तिखट आहेत.

तिने मला फोन लावला. मी दक्षिणेतल्या एका शहरात, मेंदूवर संशोधन करणाऱ्या केंद्रात तंत्रज्ञ आहे.

"मी बुढी झाली, पागल नाही झाली," ती म्हणाली. "तुह्या मशीनले विचार. ते नाही म्हणन, तं मीच माग सोडीन."

आमच्या तंत्राचं नाव मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी. नाव भारी, काम साधं. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डोक्याभोवतीच्या मोठ्या टोपातले संवेदक ते टिपतात. सुई नाही, आवाज नाही. वय वाढताना आणि स्मृतिभ्रंश होताना मेंदूतल्या लहरी कशा बदलतात, हे आम्ही त्याच त्या माणसांना दर वर्षी तपासून बघतो. मशीन एका माणसाबद्दल हो-नाही सांगत नाही, हे मी आईला समजावलं. मग पाहिजे कायले एवढं महागाचं, असं तिने विचारलं. पण स्मरणशक्तीच्या चाचण्या डॉक्टर घेतात, हे ऐकल्यावर ती तयार झाली.

अंगावर धातू चालत नाही. हे मी रोज दहा जणांना सांगते, तसं आईलाही फोनवर सांगितलं. तिने जोडवी काढली, बांगड्या काढल्या. मंगळसूत्रापाशी मात्र अडली. नवरा समोर बसलेला असताना गळा ओका ठेवायचा नाही, हे तिचं पक्कं. मग तोडगाही तिनेच काढला. मंगळसूत्र तुटलं की आमच्याकडे ते ओवून होईपर्यंत पिवळ्या धाग्यात हळकुंड बांधतात. तसं बांधून ती बाबांसोबत आली. हळकुंडात कसला आलाय धातू, म्हणून मी दोराकडे नीट पाहिलंच नाही.

आईची तपासणी माझ्या सहकाऱ्याने केली. जाड भिंतींच्या खोलीत, सुती झग्यात, टोपाखाली ती अगदी शांत बसली. आणि पडद्यावर सगळा गोंधळ. ती श्वास घेई तशी प्रत्येक रेघ वर चढे, सोडी तशी खाली येई. सहकाऱ्याने दातांत काही भरलंय का विचारलं. दात सगळे तिचेच. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. आणखी अर्ध्या तासाने दुसऱ्या माणसाची वेळ होती, आणि आई रिकाम्या हाताने परतली तर घरी माग उतरलेला असणार, हे मला माहीत होतं. शेवटी मी माइकवरून तिला सांगितलं, की श्वासाबरोबर काहीतरी हलतंय.

मग तिने हात गळ्याशी नेला, धागा अंगठा आणि बोटात धरून हळूच चोळला. बाजारात सूत पारखताना ती असंच करते.

"हा निव्वळ सूत नाही," ती म्हणाली. "आत जरी हाये. तुह्या बापाचं काम."

बाबा बाहेर बसले होते. विचारल्यावर त्यांनी कबूल केलं. सोनं काढलं, तर निदान जरीचा एक पदर तरी असावा, म्हणून त्यांनी तो सुतासोबत पिळला होता. विणकराच्या घरातच हे होऊ शकतं. दिवसभर धातू काढायला लावणाऱ्या माझ्याही डोळ्यांना ती जरीची तार दिसली नाही, विसराळू म्हणून आणलेल्या बाईच्या बोटांना कळली.

तिने बाहेर ठेवलेलं आपलं सुती लुगडं मागितलं. पदराच्या टोकातून न तोडता चार लांब धागे ओढून काढले, मांडीवर पिळले, त्यात हळकुंड बांधलं आणि पुन्हा टोपाखाली बसली. रेघा स्वच्छ आल्या. सहकाऱ्याने टाळी वाजवली, आणि मी सरळ रडले.

स्मरणशक्तीच्या चाचण्या घेऊन डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. शब्द आठवायला तिला वेळ लागतो, त्यावर दर वर्षी लक्ष ठेवावं लागेल. आज मात्र हा स्मृतिभ्रंश नाही. हातातलं काम सोडू नये, उलट करत राहावं. मी फोन स्पीकरवर ठेवून हे भावाला ऐकवलं. मग त्याने मागाच्या दोऱ्या आवळून ठेवतो म्हटलं.

वर्षभरात तिने पाच साड्या विणल्या. दोनदा दात चुकला, दोन्ही वेळा तिनेच धरला आणि उसवला. शेजारच्या सुनेचं नाव अजूनही कधी आठवतं, कधी नाही.

यंदा पुन्हा तपासणीला निघायचं होतं, म्हणून मी तिला न्यायला अड्याळला गेले. सकाळी गाडी दारात आली. आठवण करून द्यायची म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावाने तिला सगळं घेतलं का विचारलं. आईने पदर बाजूला करून गळा दाखवला. हळकुंड होतं, आणि धागा तोच, लुगड्याच्या पदराचा. वर्षभर तिने तो मागाच्या धोट्यांच्या पेटीत जपून ठेवला होता.

"तुह्या बापाले बांधू नाही देल्ला," ती मला म्हणाली. "चाल. मशीन वाट पाहून राहिली असन."