वाळवीवरचा खोटा आळ

माझी मुलगी लहान मुलांसाठी भुतांची चित्रपुस्तकं करते. मजकूर तिचा, चित्रंही तिचीच. पाच वर्षांचं मूल घाबरावं, पण पुढचं पान उलटावंसं वाटेल इतपतच घाबरावं, अशी ती भुतं असतात. एका पुस्तकात जिन्याखालच्या अंधाराला सर्दी होते. दुसऱ्यात गच्चीवर वाळत घातलेली चादर संध्याकाळ झाली तरी घरात यायला तयार नसते. मी जयपूरच्या एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. कीटक हा माझा विषय. भुतांशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तरी आता राजा पार्कच्या बाजारात कुणी "भूतवाली मॅडम के पापा" म्हणून ओळखलं, तर मी भाजी घेऊन झाल्यावरही दोन मिनिटं रेंगाळतो.

मागच्या हिवाळ्यात जगतपुऱ्यातल्या एका छोट्या वाचनालयात तिचं वाचन होतं. रविवारची सकाळ, सतरंजीवर वीसेक मुलं. त्यात आपल्याकडून नोकरीसाठी आलेल्या घरांतलीही तीन-चार होती. त्यांच्यासाठी ती मध्येच मराठीत बोलायची. ती आवाज खाली आणायची तशी मुलं बसल्या बसल्या पुढे सरकायची. एक मुलगी माझ्याशेजारी होती. जिन्याखालचा अंधार शिंकला तेव्हा तिने न बघताच माझ्या कोटाची बाही धरली, आणि पुस्तक संपेपर्यंत सोडली नाही. मी हात हलवला नाही.

वाचन संपल्यावर कुणाच्या तरी आईने विचारलं, "भुतांकडे कशा वळलात?" मुलीने नेहमीचं उत्तर दिलं. आठ वर्षांची असताना तिने वहीची पानं शिवून भुताचं पहिलं पुस्तक केलं होतं, ते वाळवीने खाल्लं. ती खूप रडली. तेव्हा बाबांनी तिला जवळ घेऊन वाळवीबद्दल सगळं समजावून सांगितलं. "मतलब, मला राग येण्याऐवजी कुतूहल वाटायला लागलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली.

ही गोष्ट तिने कितीतरी वेळा सांगितली आहे. ती खोटी आहे. ते पुस्तक वाळवीने खाल्लं नव्हतं. मी फाडलं होतं.

त्या काळी कॉलेजातले आम्ही काही जण विद्यार्थ्यांना घेऊन आसपासच्या गावांत जायचो. अंगात येणं, झपाटणं, झाडावरची हडळ यांत तथ्य नाही, हे समजावून सांगायचो. होळीनंतर जयपूरजवळच्या चाकसूला शीतलामातेची जत्रा भरते. तिथेही एका झाडाखाली टेबल मांडून आम्ही भाषणं दिली. माझं भाषण चांगलं व्हायचं आणि मला ते माहीत होतं.

त्याच आठवड्यात मुलीने आपलं पुस्तक शाळेत नेलं. त्यात आमच्या घरच्या लोखंडी कूलरमध्ये राहणारं एक भूत होतं. ते पुस्तक ऐकून वर्गातला एक मुलगा घरच्या कूलरजवळ जाईना. तो नेमका माझ्या सहकाऱ्याचा मुलगा निघाला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तो सहकारी चहा ढवळत म्हणाला, "सरजी, चाकसू में भूत भगाते हैं और घर में पालते हैं?" सगळे हसले. त्यात वाईट हेतू काही नव्हता. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

उन्हाळा तोंडावर होता. दरवर्षीप्रमाणे त्या दुपारी मी गच्चीवर कूलरच्या जाळीतला जुना वाळा काढून नवा भरत होतो. मुलगी शाळेत होती. तिचं पुस्तक मी वर नेलं, सगळं वाचलं, फाडलं आणि जुन्या वाळ्याच्या गुंडाळीत घालून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी ती शोधायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून "वाळवी" निघून गेलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर तिने कपाट तपासलं असतं. पण घरात कीटकांचा शेवटचा शब्द माझा. वाळवी येते तेव्हा मातीच्या नळ्या बांधत येते. त्या कपाटात मातीचा कणही नव्हता. ज्या जीवावर मी वर्षानुवर्षं तास घेतले, त्याच्यावर खोटा आळ घेतला. ती रडत माझ्या मांडीवर येऊन बसली. मी वारूळ, राणी, कामकरी असं काय काय सांगत राहिलो. थोड्या वेळाने तिने डोळे पुसून विचारलं, "वाळवीला आवडलं असेल का?"

मी म्हणालो, "आवडलंच असेल."

बायकोला मात्र गच्ची झाडताना वाळ्याच्या काडीला अडकलेला एक कपटा सापडला. तिने तो माझ्यासमोर धरला. "वाळवीला हात कधी फुटले?" मी कपटा तिच्या हातून घेतला. "मी नाही सांगायची तिला," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

या फेब्रुवारीत मुलगी नव्या पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन आली. "बाबा, छापायला द्यायच्या आधी कीटक तपासून द्या. चूक राहिली तर तुमचंच नाव खराब होईल." गोष्ट अशी होती: वाळवी एक भुताचं पुस्तक खाते. प्रत्येक वाळवीच्या पोटात एकेक शब्द जातो. मग वारुळाच्या अंधारात त्या ओळीने उभ्या राहून आपापला शब्द म्हणतात, आणि भूत पुन्हा उभं राहतं. मी भिंग घेऊन बसलो. मुंगीसारखी कंबर नाही. मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. पाय सहा. माझ्या एम.एस्सी.च्या मुलांनीही इतकी नीट वाळवी काढली नव्हती. ऊर अभिमानाने भरून आला, आणि मग मी पहिल्या पानावरची अर्पणपत्रिका वाचली. "बाबांना, ज्यांनी मला वाळवीला माफ करायला शिकवलं."

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा मी प्रत तिच्यापुढे ठेवली. म्हणालो, "चित्रं अचूक आहेत. पण वाळवीने काही केलं नव्हतं. पुस्तक मी फाडलं." आणि चाकसू, स्टाफरूम, वाळा, सगळं सांगितलं. बायको कशी गप्प राहिली, तेही.

"आईला माहीत होतं," ती एवढंच म्हणाली. मग प्रत पिशवीत घातली, चप्पल घातली आणि गेली. चहा गॅसवर तसाच राहिला.

आठ दिवस फोन नाही. पुस्तक रद्द केलं असेल, असं मला वाटत राहिलं. तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम माझ्या खोटेपणावर उभं होतं, आणि तो आधार मीच काढून घेतला होता.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "फाडण्याआधी वाचलं होतं म्हणालात. सगळं?"

"सगळं."

"मला शेवट आठवत नाही. खूप प्रयत्न केला."

मग मी पानामागून पान सांगत गेलो. भुताला वाळ्याची दाढी असते आणि ती ठिबकत असते. दुपारी सगळे झोपले की ते कूलरमध्ये घोरतं. थंडीत कूलरवर कापड पडतं आणि पाणी बंद होतं, तेव्हा ते सुकायला लागतं. मुलगी एक वाटीभर पाणी कूलरखाली ठेवते. सकाळी बघते तर पाणी कमी झालेलं.

"किती कमी?"

"दोन बोटं."

"असं लिहिलं होतं मी?"

"लिहिलं नव्हतं. चित्रात दिसत होतं."

मग ती म्हणाली, "बाबा, इतकं नीट बघितलंत, आणि तरी फाडलंत."

"हो," मी म्हणालो.

पुस्तक छापून आलं आहे. अर्पणपत्रिकेत आता "बाबांना" एवढंच आहे. पुढचं वाक्य तिने काढून टाकलं, ते योग्यच झालं. वाचनाच्या वेळीही आता ती खरी हकीगत सांगते. मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो, आणि लोक माझ्याकडे वळून बघतात तेव्हा मान खाली घालत नाही. शेवटच्या पानावर, वारुळाबाहेर, एक स्टीलची वाटी आहे. गोष्टीत तिचा उल्लेख कुठेच नाही. मुलं विचारतात, ही कुणाची? त्या वाटीतलं पाणी दोन बोटं कमी आहे. मी भिंगातून बघितलं.