खराब केलेली काच

तैसिया येफिमोव्हनाने मॉस्कोतल्या एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं काचा घासल्या आणि एकीवरही ओरखडा राहू दिला नाही. म्हणून तरुण संशोधक रोदिओनने तिला चांगली काच आम्लात बुडवून बिघडवायला सांगितलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"बिघडवायचीच होती, तर महिनाभर माझ्याकडून घासून कशाला घेतली?"

"रागावू नका, तैसिया येफिमोव्हना. पलीकडचं काही ओळखू येता कामा नये. लेझरचा किरण चित्र घेऊन तिच्यातून जाईल, वेडावाकडा होईल आणि या नळीतल्या वायूवर आदळेल. साधा आरसा लावला तर परतताना आणखी बिघडेल. हा वायू मात्र किरणाच्या जोरानं स्वतःच आरसा होतो आणि त्याला आल्या पावली परत पाठवतो. ज्या खाचेतून गेला, त्याच खाचेतून मागे. सगळं वाकडेपण फिटतं."

"बोलायला काय जातंय!" असं म्हणत तिनं काच बिघडवली. परत आलेल्या किरणाचा पहिला फोटो स्वच्छ आला, तेव्हा दोन दिवस तिचा विश्वास बसेना. मग मात्र ती खरबरीत काच तिची लाडकी झाली.

प्रयोग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती आली. आदल्या दिवशी उपसंचालक कपितोन लुक्यानोविचने जिने रंगवून घेतले, खिडक्या पुसून घेतल्या आणि पाहुण्यांना ही घाण कशी दाखवायची म्हणून त्या काचेच्या जागी चकचकीत काच बसवली. रोदिओनने घाईत पाहिलंच नाही. फोटो अर्थात स्वच्छ आला. म्हातारे अध्यक्ष वाकून बघू लागले.

"काच तर साफ आहे. हा प्रयोग नव्हे, हातचलाखी आहे."

रोदिओनचा चेहरा पांढराफटक पडला. उपसंचालक छताकडे बघत राहिला.

दारात उभ्या तैसियाला सगळं कळलं. पण संस्थेकडून स्वतंत्र घर मिळणाऱ्यांची यादी उपसंचालकाच्या खणात होती आणि तिचं नाव तिसरं होतं. एकोणीस वर्षं ती एका खोलीत राहत होती, पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर. गप्प बसावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं.

"काच बदललीय," ती म्हणाली. "माझी काच यांनी काढली."

"तुला कोणी विचारलं?" उपसंचालक खेकसला.

"कोणी नाही. म्हणूनच सांगतेय."

तिनं चकचकीत काच काढली, रबरी हातमोजे चढवले आणि सगळ्यांसमोर ती आम्लात सोडली. अर्ध्या तासानं धुऊन, पुसून अध्यक्षांच्या हातात दिली.

"यातून माझं तोंड दिसतंय?"

"नाही."

"काही बिघडत नाही, बघण्यासारखं नाहीच ते. आता तुमच्या हातानं लावा."

अध्यक्षांनी लावली. आधी साधा आरसा ठेवला, फोटोत नुसता चिखल. मग नळी. फोटोत, चित्र म्हणून किरणापुढे धरलेल्या बारीक जाळीची तार न् तार मोजता येत होती. अध्यक्षांनी रोदिओनचा हात हातात घेतला. तैसियाचा कोणी घेतला नाही.

आठवड्याभरात तिचं नाव यादीत एकेचाळिसावं झालं. वर, सरकारी मालकीची उत्तम काच का नासवली याचा लेखी खुलासा मागितला गेला. तिनं तीनच ओळी लिहिल्या: 'काच मी शुद्धीवर असताना, जाणूनबुजून खराब केली. आधीची काच कपितोन लुक्यानोविच यांनी न सांगता बदलली होती. पुन्हा बदलली तर पुन्हा खराब करीन.'

कारकुनानं वाचून कागद खिडकीतून परत सरकवला. "हे नको, मावशी. दुसरं काहीतरी लिहा."

"पोचेचा शिक्का मार," ती म्हणाली, आणि शिक्का पडेपर्यंत खिडकीसमोरून हलली नाही.