उद्योगसाहेब आणि आमची मशीन

आमच्या उद्योगसाहेबांना जगात जिकडे तिकडे उद्योजकच दिसत. बेला गावच्या बस थांब्यावरचा चहावाला उद्योजक, बोरं विकणारी म्हातारी उद्योजिका, आणि भरदुपारी पिंपळाखाली पत्ते कुटणारी मंडळी होऊ घातलेले उद्योजक. आमच्या गावात 'उद्योग' हा शब्द पोराने घागर फोडली की आठवतो. त्यामुळे पहिल्याच सभेत साहेबांनी "मी सर्व भगिनींना उद्योग करायला शिकवणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा मागे बसलेल्या सासवा एकमेकींकडे बघू लागल्या. सुनांना त्या बाबतीत शिकवणीची गरज आहे असं त्यांना वाटत नव्हतं. साहेबांचं नाव मात्र त्याच दिवशी पडलं.

साहेब हैदराबादचे. पणजोबांनी निजामाच्या काळात तिकडे बिऱ्हाड केलेलं, त्यामुळे त्यांची मराठी सणासुदीलाच बाहेर काढतात तशी होती. तपासणीला ते मुआयना म्हणत, अर्जाला दरखास्त. एका संस्थेने त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. जंगलात माजलेली रायमुनिया, म्हणजे पुस्तकातली घाणेरी, बायकांनी तोडायची, वाळवायची, मशीनमध्ये तिचा भुसा करून जळणाच्या कांड्या पाडायच्या आणि आदिलाबादच्या वसतिगृहांच्या भटारखान्यांना विकायच्या, एवढीच गोष्ट. तिला साहेब 'वन-जैवभार अर्थव्यवस्था' म्हणत, आणि म्हणताना देवळात आल्यासारखा आवाज खाली आणत. आम्ही कांड्या म्हणत होतो. मी दहावी पास, म्हणून बायकांच्या बचत गटाची सचिव.

त्यांच्या खिशात पाकीट नसलं तरी कांडी असायचीच. गटाच्या अध्यक्ष गिरजाबाई, त्यांच्या नातीच्या लग्नात साहेब पंगतीला बसायचे सोडून आचाऱ्याच्या चुलीपाशी गेले आणि त्याला न विचारता चार कांड्या आत सारल्या. वरणाला धूर लागेल म्हणून आचारी झारा घेऊन उठला. साहेब हलले नाहीत. जाळ स्वच्छ लागला तेव्हा त्यांनी आचाऱ्यालाच हात जोडले आणि तुम्ही आज इतिहास घडवला असं सांगितलं. आचाऱ्याला तो दिवसभर आपला अपमान वाटत होता.

रायमुनिया तोडायला ते स्वतः यायचे, तेही इस्त्रीच्या शर्टात. काट्यांनी शर्टाची चाळण व्हायची, मग दुसऱ्या दिवशी दुसरा शर्ट. येता-जाता एकच पालुपद: "ही मशीन तुमची आहे, भगिनींनो." मशीनवर मात्र संस्थेने ठळक अक्षरांत 'संस्थेची मालमत्ता' असं रंगवून ठेवलं होतं. शिवाय अट अशी की मुआयन्याच्या दिवशी ती चालती दिसली तर गटाला कायमची, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात. ती गेली असती तर कापूस वेचून झाल्यावर आमच्या निम्म्या बाया लेकरं सासूकडे टाकून पुन्हा परमुलखात मिरची तोडायला गेल्या असत्या. म्हणून साहेब झोपेतही मशीनला तेलपाणी करत असावेत.

वरच्या ऑफिसने मुआयन्याची तारीख मोठा अभ्यास करून काढली. नेमका पोळा.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद-लोणी चोळतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. गिरजाबाईंचे बैल विकून बराच काळ लोटला होता. त्या दिवशी त्यांनी हळद-लोण्याची वाटी घेतली, पळसाचं पान घेतलं आणि सरळ मशीनच्या शेडमध्ये आल्या. जिथे पट्टा बसतो ते चाक म्हणजे मशीनचा खांदा, असं त्यांनी ठरवलं आणि हात आखडता न घेता चोळलं. "आज आवतन घे, उद्या जेवायले ये," असंही सांगितलं. आम्ही सगळ्याजणी कौतुकाने बघत उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसचे मोठे साहेब गाडीतून उतरले. बटण दाबलं. मोटर घूं करून फिरली, पट्टा लोण्यावरून सटासट घसरला आणि मशीन जागची हलली नाही. मोठ्या साहेबांनी चाकाला बोट लावून हुंगलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा गिरजाबाईंचा चेहरा पांढरा पडला.

उद्योगसाहेब पुढे आले. पट्ट्यात बिघाड आहे, एवढं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. ते म्हणाले, "सर, आज हिची सुटी आहे. आणि परक्याच्या बैलाचे खांदे कोणी शेकत नाही. मशीन यांची झाली, मुआयना संपला. तुम्ही पुरणपोळी खाऊन जा."

मोठे साहेब पुरणपोळी न खाता गेले. पण मशीन राहिली. रीतसर कागद आला. साहेबांचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. प्रकल्पाची मुदतच संपली, असं ते आम्हांला हसत हसत सांगत होते, आणि आम्ही शहाण्यांनी ते खरं मानलं. निरोपाला टोपी-टॉवेल दिला. त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी एकदा बोलता बोलता खरं काय ते सांगितलं. मोठ्या साहेबांना माणसं चालतात, फक्त तोंड असलेली चालत नाहीत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. आमच्यासाठी एवढं करून माणूस टॉवेल घेऊन गेला.

मग एकदा त्यांचा फोन आला. नेहमीप्रमाणे चौकशांची सरबत्ती: भुसा ओला तर नाही ना, वसतिगृहवाले वेळेवर उचलतात ना, मिरचीला किती जणी गेल्या. कोणीच गेली नाही, असं मी सांगितलं. आमच्याकडे असताना त्यांनी घरोघर फिरून सगळ्यांना सगळं विचारलं होतं, त्यांना कोणी काही विचारल्याचं मला आठवेना. म्हणून मी म्हटलं, "साहेब, मशीन बरी हाये. तुमी काय करून राह्यले?"



"नोकरी शोधून राह्यलो, ताई."

"मंग इकडं या. मशीनवर एक माणूस लागते आमाले."

साहेब खूप हसले. मी चेष्टा करत नव्हते.